सर्व खिशांसह घरीच थांबावे

प्रिय लष्करी छापाच्या थ्री-फोर्थ,

पत्रास कारण की, येत्या फेब्रुवारीत आमचे हे आणि मी बार्बाडोसला निघालो आहोत आणि तू येणार नाहीस. मनाला लावून घेऊ नकोस. अमृतसरच्या बाजारात घासाघीस करून ह्यांनी तुला घेतलं, तेव्हापासून तुझी सेवा मोठी आहे. मनालीचा बर्फ पाहिलास, पट्टायाचं खारं पाणी प्यालीस, सिंगापूरच्या मॉलमध्ये उजव्या मांडीच्या खिशातून अख्ख्या ग्रुपला बाकरवडी पुरवलीस. तिचं तेल अजून त्या खिशाच्या शिवणीत आहे. मी किती वेळा घासलं, माझं मला माहीत.

पण बार्बाडोसमध्ये असा छाप फक्त लष्कराचा. साध्या माणसाने अंगात घातला तर तो गुन्हा, आणि लहान मुलांनाही सूट नाही. जमैका-त्रिनिदादकडेही तीच तऱ्हा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला बघून कोण सैनिक समजणार आहे?" मुद्दा बिनतोड आहे, मी वादच घातला नाही. पण कायदा पोट बघून सवलत देत नाही. सगळा देश ४३० चौरस किलोमीटरचा, मुंबईहून लहान, वस्ती तीन लाखांच्या आत. लहान गावात कोण पोलीस, कोण शिपाई आणि कोण नुसताच हौशी, हे लांबून कळावं लागतं.

तुझ्या जागी साधी निळी बर्म्युडा येते आहे. तिने फार मिरवू नये. तिचं राज्य वाळू संपते तिथे संपतं. ओली बर्म्युडा आणि उघडं अंग घेऊन ब्रिजटाऊनच्या दुकानात किंवा बँकेत शिरणं तिथे असभ्य समजतात. आमच्या सोसायटीतही समजतात, पण गॅलरीत उभं राहून ह्यांना बोलणार कोण?

खरी पंचाईत तोंडाची आहे. तिथे दुकानात शिरलं, मिनीबसमध्ये चढलं, कोणाला रस्ता विचारायचा झाला, की आधी "गुड मॉर्निंग". दुपार झाली की "गुड आफ्टरनून". मग काय ते काम. तुझ्या मालकांची पद्धत तुला ठाऊकच आहे: एक पाय उंबऱ्याबाहेर असतानाच "ओ, हे केवढ्याला?" उत्तर यायच्या आत "काय शेवटचं?" बार्बाडोसच्या बाईने यावर नुसतं बघितलं आणि सावकाश "गुड मॉर्निंग" म्हटलं, तर तो नमस्कार नसून कानउघाडणी आहे, हे ह्यांना कोण सांगणार? सध्या मी घरी सराव घेते आहे. सकाळी "गुड मॉर्निंग" आल्याशिवाय चहा पुढे सरकत नाही. पहिले काही दिवस चहा गार झाला.

ऐकत नाहीत म्हटल्यावर मी क्रिकेट काढलं. १९६२ साली ह्याच ब्रिजटाऊनमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, जीव वाचतो की नाही अशी वेळ. तेव्हा रक्त द्यायला आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर तर होतेच, पण वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता, तिथल्याच मातीतला. म्हटलं, त्या माणसाने पाहुण्याला रक्त दिलं, तुमचं एक गुड मॉर्निंग द्यायला काय जातंय? हे जरा गप्प झाले. चहाही वेळेवर सरकला.

कारण ह्यांची बार्बाडोसवारी आहेच मुळी केन्सिंग्टन ओव्हलसाठी. १९९७ मध्ये सचिन कर्णधार असताना तिथे १२० धावा काढायच्या होत्या आणि आपण ८१ मध्ये आटोपलो, त्याचं सुतक हे २९ जून २०२४ पर्यंत पाळत होते. त्या रात्री त्याच मैदानावर विश्वचषक हाती आला, रोहित शर्माने खेळपट्टीची माती चिमटीत धरून तोंडात टाकली आणि ह्यांनी जाहीर केलं, "मीही तिथलं काहीतरी खाणार."

काहीतरी! तिथल्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. छान सावली, खाली पडलेली इवली हिरवी सफरचंदं, वासही गोड. ते फळ चावलं की तोंड-घसा भाजून निघतो. चीक लागला तर कातडीला फोड. पावसात खाली उभं राहिलं तर पानांवरून गळणारं पाणीसुद्धा भाजतं, आणि लाकूड जाळलं तर धूर डोळ्यांना. बऱ्याच खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो, तो सणाचा नव्हे. कोकणात दिसेल ते फळ उचलून "चाखून तर बघू" म्हणणाऱ्या माणसासाठी मी हा मजकूर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवला आहे. रोहितने पिचवरचं खाल्लं होतं. त्याच्याबाहेर काही तोंडात घालायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला जाऊन तळलेला मासा खावा.

बाकी किरकोळ. पश्चिमेचा समुद्र मवाळ, पोहा. पूर्वेला बाथशीबाला थेट अटलांटिक अंगावर येतो, तिथे पाण्याबाहेरून फोटो. टॅक्सीला मीटर नसतं, भाडं बसायच्या आधी ठरवायचं आणि कुठले डॉलर हेही विचारायचं, कारण अमेरिकेच्या एकाला तिथले दोन. रात्री सुनसान किनाऱ्यावर चंद्र बघायला जायचं नाही. तो आमच्या गच्चीवरूनही दिसतो.

"जुलैत स्वस्त पडतं" हा ह्यांचा हिशोब मी मोडला. जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस. त्या विश्वचषकानंतर बेरिल चक्रीवादळाने विश्वविजेत्यांनाही हॉटेलात कोंडून ठेवलं होतं. त्यांना आणायला खास विमान गेलं. आपल्यासाठी फार तर थोरला जावई ठाण्याहून फोन करील.

तेव्हा तू कपाटात, डांबराच्या गोळीशेजारी आराम कर.

तुझी,
बॅग भरणारी

ता. क. आत्ताच बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली तुझ्याच छापाची टोपी आणि कमरेचा पाऊच सापडला. असल्या वस्तू नुसत्या जवळ बाळगणंही तिथे गुन्हाच आहे. दोघांना तुझ्याकडे पाठवते आहे. मालकांना विचारलं तर म्हणाले, "गुड मॉर्निंग." संध्याकाळचे सात वाजले होते.