हौशी सुतार : खरेदीपूर्व अवस्था

हौशी सुतार प्रामुख्याने शहरी सदनिकेत आढळतो. वय पन्नाशीकडे झुकलेले, नोकरी बैठी, आणि घरात एक रंधा, बहुतेक वेळ खोक्यातच. त्याच्या आयुष्यातला सर्वांत प्रदीर्घ आणि बहुधा सर्वांत सुखाचा काळ म्हणजे मायटर सॉ निवडण्याचा. लाकडी पट्टी हव्या त्या कोनात आडवी कापणारे हे विजेचे यंत्र.

निमित्त एखाद्या फोटोफ्रेमचे असते. चौकटीला 8 काप लागतात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात 4 अंशांची फट उरते. अशी फट भुशात फेव्हिकॉल कालवून बुजवण्याची जुनी परंपरा आहे. हौशी सुतार ती नाकारतो आणि यंत्राच्या मागे लागतो.

पाते 10 इंची घ्यावे की 12? साध्या 10 इंची यंत्रात साधारण साडेपाच-सहा इंच रुंदीची फळी कापता येते. पाते पुढेमागे सरकणाऱ्या स्लायडिंग यंत्रात हीच रुंदी 12 इंचांच्या घरात जाते. फ्रेमची पट्टी दीड इंचाची असते. म्हणून तो स्लायडिंगच पसंत करतो. पात्याला दात 60 असावेत की 80, हा विषय तो लग्नाच्या पंगतीतही काढतो. शेजारी बसलेल्या आजोबांचा गैरसमज होतो.

विजेचा मुद्दा उशिरा ध्यानात येतो. 1600 ते 2000 वॅटच्या यंत्राला 16 अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि असे पॉइंट घरात गीझर, एसी नि वॉशिंग मशीनपाशीच असतात. कारखाना न्हाणीघराच्या दाराशी थाटण्याला घरातून मंजुरी मिळत नाही.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरचे दुकानदार या गिऱ्हाइकाला लगेच ओळखतात. त्याने पिशवीतून स्वतःचा गुण्या काढला, की आज विक्री होणार नाही. वास्तविक कसोटी सोपी आहे : रुंद फळी 90 अंशांवर कापावी, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा भिडवाव्यात, चूक दुप्पट होऊन दिसते. दुकानात फळी नसल्याने एवढेच राहून जाते.

यथावकाश यंत्र घरी येते. घरच्यांना मात्र चपलांचे कपाट हवे असते, तेही प्लायचे, आणि 8 बाय 4 फुटांचा प्लाय या यंत्रावर कापता येत नाही. शेवटी मिस्त्रीला बोलावले जाते. तो हातातल्या कटरने दुपारपर्यंत प्लाय कापून मोकळा होतो आणि भिंतीलगतच्या बीडिंगपुरते यंत्र मागतो. मालक स्वतः ते काटेकोर 45 अंशांवर लावून देतात. त्यांची पाठ वळताच मिस्त्री काटा साडेचव्वेचाळीसवर आणतो, कारण भिंतींचा कोपरा 91 अंशांचा असतो.