लॉन हिरवे ठेवून पाणी कसे वाचवावे

एप्रिल लागला आणि सोसायटीच्या गेटवर टँकर दिसू लागला की बागेतल्या पाणीबचतीसाठी ताबडतोब उपसमिती नेमावी. कुंडीत बोट खुपसून ओल बघायची सवय असलेल्यांना तिच्यात घेऊ नये. ते पहिल्याच बैठकीत 'लॉन काढा' म्हणतात. लॉन निघणार नाही. त्यावर कोणी बसू नये म्हणून पाटी नुकतीच रंगवून घेतली आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे गहिवरून सांगावे, चहा घ्यावा आणि पुढच्या विषयाकडे वळावे.

पाणी घालायची वेळ भर दुपारची. पहाटे घातलेले पाणी मुळांशी जिरते, मग उपसमितीचे काम दिसणार कसे? दुपारचे बरेचसे वाफ होऊन वर जाते. तेच पुढे पाऊस होऊन परत येणार असल्याने ती बचत खात्यावर धरावी.

माळीकाकांनी पाइप जास्वंदीच्या आळ्यात सोडून दुसऱ्या विंगमध्ये गप्पांना जावे. मिनिटाला पंधरा लिटर धरले तरी अर्ध्या तासात साडेचारशे होतात. आळे जेमतेम दोन वितींचे. पाण्याचा ओघळ पार्किंगमधून गटाराला लागला, की जास्वंद तृप्त झाली असे समजावे.

तळमजल्यावरच्या आजी मडके पुरायला सांगतील. साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, भरायचे, वर ताटली झाकायची. ते बाजूने पाझरत राहते आणि माती कोरडी होईल तसतसे पाणी ओढून घेते. उपाय उत्तम आहे, पण इतका स्वस्त की तीन कोटेशन मागवता येत नाहीत. सबब फेटाळावा. वाळका पालाही आळ्यात पसरू नये. त्याने ओल टिकते हे खरे, पण मग रोज झाडून पोत्यांत काय भरायचे?

ठिबक मात्र जरूर बसवावे, नारळ फोडून. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर तुंबले की ते साफ करत बसू नये. नळीच मधोमध कापावी.

कण्हेर आणि बोगनवेल यांची शिफारस कोणी केल्यास दुर्लक्ष करावे. रस्त्याच्या दुभाजकावर, टँकरशिवाय जगणाऱ्या झाडांना आपल्या गेटशी कसे उभे करणार?

पावसाळा सुरू झाला की स्प्रिंकलरचा टायमर बंद करायचा असतो. त्या पेटीची किल्ली खजिनदारांकडे असते, आणि खजिनदार जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला असतात.