पाण्याच्या पोटातला विस्तव

अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब ज्याने पहिल्यांदा घडवला, त्याच्या स्वभावात थोडा खट्याळपणा असला पाहिजे. पाणी तापवायचं तर भांड्याखाली जाळ करावा, हे सरळमार्गी माणसाला सुचतं. याला सुचलं ते असं, की पाण्याच्या ऐन पोटातून एक नळकांडं उभं काढावं आणि जाळ त्या नळकांड्यात पेटवावा. म्हणजे ज्या दोघांचं सृष्टीच्या आरंभापासून वाकडं, त्यांना एकाच बिऱ्हाडात ठेवायचं आणि मध्ये आडोसा म्हणून तांब्याचा एक पत्रा. तोही आडोसा कसला! तांबं लोखंडाच्या पाचपट तरी उष्णतावाहक, त्यामुळे इकडची धग तिकडे कळवल्याशिवाय त्याला राहवत नाही. पण युक्ती मोठी हुशारीची. चुलीवरच्या पातेल्याला जाळाचा दहातला एखाददुसरा हिस्सा मिळतो, बाकीचा भिंतींना, हवेला आणि स्वयंपाक करणारीच्या चेहऱ्याला. बंबातल्या जाळाने मात्र कोणत्याही दिशेला तोंड फिरवलं तरी समोर पाणीच.

गंमत अशी, की ज्या गुणामुळे बंब काटकसरी झाला, त्याच गुणामुळे तो पेटता पेटत नाही. पौषातल्या पहाटे रात्रभर गारठलेलं पाणी नळकांड्याला चहूबाजूंनी वेढून उभं असतं. नुकती जन्मलेली ज्योत भिंतीला टेकली रे टेकली की तिचा धीर सुटतो. लाकूड जळतं असं आपण म्हणतो खरं, पण लाकूड आधी नुसतं तापतं, त्यातून वायू सुटतात, आणि जळतात ते हे वायू. त्यांना पुरेशी ऊब मिळाली नाही तर ते न जळताच वर निघून जातात, वाटेत तांब्याला काजळी फासतात आणि वाड्याच्या चौकात वाळत घातलेल्या धोतरांवर रेंगाळतात. धूर म्हणजे वखारीत रोख पैसे मोजून आणलेलं, पण वापरायचं राहून गेलेलं सरपण. हे ज्ञान मला शाळेत मिळालं. आत्याला ते आधीपासून होतं, फक्त ती त्याला ज्ञान म्हणत नसे.

आमच्या वाड्यातला बंब आत्याच्या ताब्यात होता. लाकूड वखारीतून यायचं, ते खास बंबफोड. चुलीच्या लाकडाहून आखूड आणि बारीक. गाडी रिकामी होत असताना आत्या दोन फोडी उचलून एकमेकींवर आपटायची आणि मान किंचित तिरकी करून, तानपुरा जुळवणाऱ्या गवयाच्या तन्मयतेने ऐकायची. वाळलेली फोड टणकन् बोलते. ओली भद्द. भद्द आवाज आला की वखारवाल्याच्या माणसाकडे ती नुसतं पाहायची, आणि तो आपणहून म्हणायचा, "वरची वरची भिजली असतील, आत्याबाई." ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. असं लाकूड बंबात घातलं तर ते आधी स्वतःच्याच अंघोळीचं पाणी तापवत बसतं, मग उरलंसुरलं आपल्याला. म्हणून मृग लागायच्या आत सगळी फोड जिन्याखाली रचून व्हायची. मधून हवा खेळेल अशी, उभी आडवी. त्या रचनेतून एक फोड जरी आम्ही क्रिकेटच्या यष्ट्यांसाठी काढली तरी तिला कळायचं.

कागदावर पाहिलं तर वीस लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाळकं लाकूड पुरायला हवं. दोनतीन फोडी म्हणा. पण कागदावर कुणाला अंघोळ करता येत नाही. काही धग पत्र्याला लागते, काही काजळी होते, आणि बरीचशी घरातल्या पुरुषांच्या मार्गदर्शनामुळे वाया जाते. आजोबांचं मत होतं की जाळ खालून लावावा, कारण ज्वाळेचा स्वभाव वर जाण्याचा. काकांचं मत, वरून लावावा. म्हणजे खालून सुटणारा धूर ज्वाळेतून जाता जाता जळून जाईल. दोघेही पंचा गुंडाळून, हातात तांब्या घेऊन, थंडीने कुडकुडत हा वाद घालत. आत्या दोघांनाही "हो का?" म्हणे, आणि ते चहाला वळले की जाळीवरची कालची राख उकरून मोकळी करी, तळाशी नारळाची शेंडी आणि एक करवंटी ठेवी, वर चारच बारीक ढलप्या, काडी ओढी आणि उठून जाई. उठून जाणं हाच तिच्या पद्धतीचा गाभा. पुन्हा पुन्हा डोकावू नये, ढोसू नये, आणि पेटतोय असं वाटल्याबरोबर लोभाने गळ्यापर्यंत लाकडं कोंबू नयेत. नळकांड्यातली हवा एकदा तापली की ती हलकी होऊन आपोआप वर सरकते, तिची जागा घ्यायला खालच्या तोंडातून ताजी हवा धावते, आणि बंब घशातल्या घशात गुणगुणू लागतो. तो आवाज आला की आत्या परत येई आणि एक मोठी फोड आत सोडी. फुंकणी आमच्या न्हाणीघरात नव्हतीच.

पुढे फार वर्षांनी कळलं, की काका अगदीच चुकीचे नव्हते. युरोपातल्या थंड मुलखांत आता शेगडी वरूनच पेटवा असं सांगतात. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने तर फेब्रुवारी 2013 मध्ये सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला. पहिले काही तास लाकूड तोडणं, फोडणं, रचणं. आणि नंतरचे आठ तास पडद्यावर नुसती एक जळती शेकोटी. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, पण कंटाळा आला म्हणून नव्हे. लाकूड रचताना साल वर हवी होती असं निम्म्यांचं म्हणणं, आणि खाली हवी होती असं उरलेल्यांचं. हे वाचलं तेव्हा आमचे आजोबा आणि काका तिथल्या एखाद्या गावात बर्फ झाडत, पंच्याऐवजी लोकरीचे अंगरखे घालून उभे असलेले मला स्वच्छ दिसले.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. अंघोळीच्या पाण्यासाठी ज्या संस्कृतीला नळकांडं, जाळी, हवेची ओढ असं सगळं सुचलं, तिच्या स्वयंपाकघरात शतकानुशतकं धुराला बाहेर जायची वाट का नव्हती? न्हाणीघरात माणूस दहा मिनिटं असतो. चुलीपुढे बाई सकाळ-संध्याकाळ बसते, वैलावर भाजी, पुढे भाकरी, आणि हातात फुंकणी. बंबाला धुरांडं आणि बाईला फुंकणी, ही वाटणी कोणी केली असेल ते असो. वर्ध्याच्या मगनवाडीत धुरांड्याची 'मगन चूल' निघाली ती गेल्या शतकाच्या चाळिशीत. सरकारने निर्धूर चुलींची देशभर मोहीम काढली ती 1980च्या दशकात. त्यातल्या कितीतरी चुलींची धुरांडी काजळीने तुंबली, कारण ती झाडायची कोणी हे ठरलंच नाही. आत्याचे डोळे लाल असत ते चुलीमुळे. बंबाने तिला कधी रडवलं नाही. कदाचित म्हणूनच तो तिचा लाडका असावा.

लाडका तर होताच. दर आठवड्याला चिंच लावून त्याला ती असा घासायची की मावळतीचं ऊन न्हाणीघरात मुक्कामाला आल्यासारखं वाटे. आमचा बंब जुन्या घडणीचा. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतावं, ते तळाशी जाई, आणि वर तरंगणारं तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येई. द्याल तेवढंच घ्याल, उधारी नाही. आत्या म्हणायची, "माझं काय, तुमचं सगळ्यांचं आटपू दे." आम्हाला ते त्यागाचं वाक्य वाटायचं. तिचे केस तेव्हा ओले असत, हे लक्षात यायला मला बरंच मोठं व्हावं लागलं. सोवळ्याचा स्वयंपाक करायचा तर अंघोळ पहिली तिचीच. पुरुष चहाला वळलेले असताना, बंबातलं सगळ्यात वरचं, सगळ्यात कढत, कुणी न मागितलेलं पाणी तिचं एकटीचं असे. दिवसभरात दुसरं काय तिच्या वाट्याला आधी येत होतं, हे मी आठवून पाहिलं. काही आठवलं नाही.

वाडा पाडला तेव्हा बंब मोडीत गेला. परवा कसब्यात तांबट आळीतून चाललो होतो. ठोक्यांचा आवाज अजून येतो तिथे, पूर्वीइतका दाट नाही. एका दुकानात नवाकोरा, मठारलेला बंब दिसला. हल्ली लोक दिवाणखान्यात ठेवायला नेतात, कुणी त्यात मनीप्लांट लावतं. मी वाकून खालच्या तोंडातून आत बघत होतो तेव्हा कारागिराने विचारलं, "पेटवायला पाहिजे का ठेवायला?"

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, छपरावर सौर पत्रे, सोसायटीचे नियम, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"ठेवायला," मी म्हणालो. "पण जाळी बसवलेला द्या."