फाळणी, रात्री बारा वाजता

भूमी अभिलेख खात्यात मी 33 वर्षं भूकरमापक होतो. सातारा जिल्ह्यातल्या कित्येक भावाभावांच्या मधोमध मी साखळी धरून उभा राहिलोय. साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा, एकराचे गुंठे चाळीस, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. बांधावर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या सारख्याच शांतपणे ऐकणं हे या नोकरीतलं खरं कसब. मोजणी काय, कुणीही शिकतो. त्यामुळे पुण्याहून पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, बाकी सगळं सोपं आहे, फक्त पार्टिशन जरा जपून करा," तेव्हा मला हसू आवरेना. अरे, पार्टिशन म्हणजे फाळणीच ना? त्यात माझी हयात गेली!

प्रकरण असं होतं. 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 ची देखभाल बंद झाली आणि आमचा 2011 सालचा लॅपटॉप रोज सकाळी मला त्याची आठवण करून देऊ लागला. नवा घ्यायचा तर पेन्शनला भोक. पुतण्या म्हणाला, लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं चालतं. विंडोजही राहू दे, एका डिस्कवर दोघं नांदतील. सख्खे भाऊ एका घरात नांदत नाहीत हे मी त्याला अनुभवावरून सांगितलं, पण त्यानं ऐकलं नाही.

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी मिंट उतरवून पेनड्राइव्हवर चढवलं. चढवताना पेनड्राइव्हवर आधी काय होतं ते पुसलं जातं. आधी काय होतं ते मला दोन दिवसांनी कळलं. त्याकडे येतोच.

सुरुवात मोजणीनं केली. लॅपटॉपच्या खोक्यावर 500 जीबी लिहिलेलं, विंडोज दाखवत होतं 465. दुसरा कुणी घाबरला असता. मी मात्र खूश झालो, कारण सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळल्याचं मी आयुष्यात फारसं पाहिलेलं नाही. कारण साधं निघालं: विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या. दोघांची साखळी वेगळी.

मग सी ड्राइव्ह आखडून मिंटसाठी जागा काढायची होती. विंडोज निम्म्यापुढे सरकायला तयार होईना. पुतण्या म्हणाला, ड्राइव्हच्या मध्यावर काही फायली असतात, त्या चालू विंडोजला जागच्या हलवता येत नाहीत. हेही ओळखीचंच! वावराच्या मधोमध म्हसोबा असला की वाटणी तिथंच अडते. असो, निम्मी तर निम्मी. दोनशेहून थोडी जास्त जीबी मोकळी झाली. जुन्या सवयीनं सगळे आकडे टिपणवहीत उतरवून ठेवले. या सबंध प्रकरणात मी केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, इन्स्टॉलर उघडला. त्यानं माझ्या दोनशे जीबी मोकळ्या रानापुढे एकच इंग्रजी शब्द लिहिला होता: 'अनयुजेबल'. निरुपयोगी. मी चांगली काळी जमीन दाखवतोय आणि हा तिला पड ठरवतोय!

फोनवर पुतण्यानं उकल केली ती अशी. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा सगळा सातबारा तिच्या पहिल्या 512 बाइटांत असतो. त्यातले 446 बाइट मशीन सुरू करायच्या सूचनांना, शेवटचे दोन सहीशिक्क्याला, आणि वाटणीच्या नोंदींना उरतात 64. एका नोंदीला सोळा बाइट. म्हणजे नोंदी चार. पाचव्या वारसाला जागाच नाही. ही पद्धत 1983 साली आली, तेव्हा एवढी पुरे वाटली असणार. (नव्या मशीनवरच्या पद्धतीत 128 नोंदी मावतात म्हणे. एवढ्या वारसांची मोजणी माझ्या वाट्याला आली नाही, ही देवाची कृपा.)

आमच्या लॅपटॉपवर विकणाऱ्यानं चारही घरं आधीच भरून दिली होती. पहिला हिस्सा विंडोज सुरू करण्यापुरता, जेमतेम शे-दोनशे एमबीचा, दुसरा सी, तिसरा 'रिकव्हरी', आणि चौथा शंभर एमबीचा, कसल्याशा 'टूल्स'चा, ज्याच्या दारात नऊ वर्षांत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. गुंठाभर जागेसाठी एक अख्खा वारस!

"त्यातला एक काढायचा आणि त्याच्या जागी एक्स्टेंडेड करायचं," पुतण्या म्हणाला. "एक्स्टेंडेडच्या पोटात मग हवे तितके भाग करता येतात."

"पोटहिस्से म्हण की."

"हां, तेच. पण आज काही करू नका. विंडोजमधून पाचवा भाग करायला जाऊ नका, ते डिस्क डायनॅमिक करू का विचारेल, मग मिंट बसवणं अवघड होईल. मी रविवारी येतो. तोवर फक्त जीपार्टेड उघडून पार्टिशन टेबल कसं दिसतं ते बघून ठेवा."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं बिचाऱ्यानं. बघून ठेवा.

रात्री साडेअकराला जेवणबिवण आटोपून मी जीपार्टेड उघडलं. टेबल कुठं दिसेल म्हणून शोधता शोधता 'डिव्हाइस' नावाच्या मेनूत गेलो, तिथं लिहिलेलं: क्रिएट पार्टिशन टेबल. आता माझी बाजू नीट समजून घ्या. आमच्या कचेरीत 'तक्ता तयार करा' याचा अर्थ एकच. जागेवर जे आहे ते कागदावर स्वच्छ उतरवा. तक्ता केल्यानं कुणाचं वावर नाहीसं झालेलं मी ऐकलेलं नाही. चौकटीत पिवळा त्रिकोण होता, 'सगळा डेटा जाईल' असंही काहीसं होतं, पण असल्या धमक्या मोजणीच्या नोटिशीतही असतात. आणि अंगठा उठवण्याआधी वाचून घ्या म्हणून 33 वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडलेला हा माणूस 'अप्लाय' दाबून मोकळा झाला.

क्षणात चारही हिस्से गेले. पडद्यावर एकसलग करडा पट्टा राहिला. 465 जीबी, कुणाच्याच नावावर नसलेली. गायरान.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. आमच्या खात्यात फाळणी बारा नावाचं एक कागदपत्र असतं, ते मला त्या क्षणी का आठवलं ते सांगायला नको.

मिनिटभरानं आठवलं की मुलीच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर आहेत. आणखी मिनिटभरानं आठवलं की आमच्या हिनं त्यांची एक प्रत काढून ठेवली होती. पेनड्राइव्हवर. कोणत्या, ते मी त्याच पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटच्या पडद्याकडे बघत समजून गेलो.

सकाळी हिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या वाटण्या केल्यात, कुणाचा तरी तळतळाट लागायचाच." आणि चहात साखर टाकायला विसरली. मुद्दाम.

रविवारी पुतण्या आला. मला वाटलं ओरडेल. त्यानं फक्त विचारलं, "नंतर काही लिहिलं का डिस्कवर?" मी म्हटलं, हात लावायचं धैर्य झालं नाही. "मग सगळं जागेवर आहे. तुम्ही फक्त सातबारा फाडलाय, जमीन कुठं जाते?"

त्यानं टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम काढला. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसानं लिहिलेला, हाही फुकट. ना चित्र ना बटण, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तो डिस्क चाळत पुढे जाऊ लागला तसा मी खुर्ची जवळ ओढली, कारण तो काय करतोय ते मला कुणी न सांगता कळत होतं. तो हद्दीचे दगड शोधत होता! प्रत्येक हिस्सा आपल्या पहिल्या सेक्टरात आपली लांबी लिहून ठेवतो, आणि विंडोजचे हिस्से त्याची एक प्रत अगदी शेवटच्या सेक्टरात पुरून ठेवतात. एक दगड या बांधाला, एक त्या बांधाला. कागद जळाले तरी दगड बोलतात, हे तर आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवत असू.

सी ड्राइव्ह मात्र दोनदा सापडला: एक मोठा, एक निम्मा. पुतण्या घुटमळला. मी टिपणवही पुढे केली. मोठा दगड आखडण्याआधीच्या हद्दीचा होता, काढायचा राहून गेलेला. निम्मा खरा. त्यानं त्या ओळीवर जाऊन यादी उघडली, तर आत फोल्डर, फोल्डरात फोटो. ही दारात उभी होती. काही न बोलता आत गेली आणि दोघांना कांदेपोहे घेऊन आली. पुतण्याच्या पोह्यांवर खोबरं होतं.

पुढचं अर्ध्या तासाचं काम. फोटो आधी बाहेर काढले, चार नोंदी परत लिहिल्या, टूल्सवाल्या वारसाला त्यातलं सामान पेनड्राइव्हवर बांधून देऊन बेदखल केलं. मोकळ्या जागेत एक्स्टेंडेड, त्याच्या पोटात मिंट. त्याला नंबर मिळाला पाच. वर वारस चारच, तरी पोटहिस्स्यांचे नंबर पाचापासून. या गावाची रीत तशी आहे.

लॅपटॉप अजून चालतो. सुरू करताना दोन्ही भावांची नावं पडद्यावर येतात, आणि ही रोज मिंटवर टिचकी मारते, कारण तिथला पत्त्यांचा डाव तिला जास्त आवडतो. फोटोंच्या तीन प्रती तीन पेनड्राइव्हवर आहेत, तिघं तिच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. बेदखल केलेल्या वारसाची शंभर एमबी जागा डिस्कच्या अगदी टोकाला तशीच पडून आहे. चारही घरं पुन्हा भरल्यामुळे तिथं काही करता येत नाही. टिपणवहीत मी तिच्यापुढे 'पोटखराबा' लिहून खाली सही केली आहे.