डबीकाका

"थांबू नका. चालत राहा. मोगल बघतायत."

वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला हे वाक्य ऐकून मी दचकून मागे पाहिलं. मोगल म्हणजे आमच्याच सोसायटीतल्या दोन काकू होत्या. बोलणारे गृहस्थ खडकापाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत कपारीत गेला होता. मी थांबलोच. तेव्हापासून डबीकाकांच्या लेखी मीही अर्धा मोगल आहे.

काका भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. मग मुलाकडे सिएटलला सहा महिने राहून आले. तिकडून येताना लोक बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या आणतात, काकांनी जिओकॅशिंग आणलं. एकाने डबी लपवायची आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने ती हुडकून आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवून द्यायची. सगळा जन्म सरकारी नोकरीत गेलेल्या माणसाला सही करून वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा खेळ आवडावा, यात नवल नाही. खेळाबाहेरच्या माणसाला ही मंडळी हॅरी पॉटरमधला शब्द उचलून 'मगल' म्हणतात. काकांनी हॅरी पॉटर वाचलेला नाही. त्यांना तो शब्द मोगल असाच ऐकू आला, आणि पुण्यात राहून लपाछपी खेळायची तर तोच बरा.

इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेत अमेरिकेचं लष्कर मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे तुमच्या-आमच्या यंत्रावर शंभरेक मीटरचा घोळ व्हायचा. ही चूक बंद करत असल्याचं क्लिंटनसाहेबांनी १ मे २००० रोजी जाहीर केलं. ("महाराष्ट्र दिन!" इथे काका बोट वर करतात.) ३ मे रोजी ओरेगन राज्यातल्या एका गृहस्थाने रानात काळी बादली ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला, आणि खेळ सुरू झाला. त्या बादलीत बीन्सचा एक डबाही होता. आता डबीत खाण्याची वस्तू ठेवायला बंदी आहे, कारण वासाने जनावरं येतात. याच कलमाखाली काकांची पहिली डबी बाद झाली. ती काकूंच्या स्वयंपाकघरातली हिंगाची डबी होती. "हिंगाला कुठलं जनावर येतंय?" असं म्हणत काकूंनी ती तत्काळ परत ताब्यात घेतली.

नवी डबी आली. चारी बाजूंनी खटके असलेली, पाणी न शिरणारी. आता फक्त जागा ठरवायची होती. त्यात पावणेदोन वर्षं गेली.

दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे. म्हणजे ५२८ फूट. हा आकडा ऐकल्यावर काकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. ५२८ला ३३ने भागलं की बरोबर सोळा येतात. "सोळा साखळ्या! सोळा आणे नियम आहे हा," ते मला तीनदा म्हणाले. पण याच खेळात डबीची जागा पाच-सात मीटर इकडेतिकडे दाखवली तरी चालते, हे त्यांना अजून पचलेलं नाही. "अहो, पाच मीटर? आमच्याकडे अर्ध्या फुटासाठी दोन पिढ्या कोर्टात असतात!" म्हणून ते प्रत्येक जागेचं वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी घेत, दर वेळी चाळीसदा, आणि वहीत सरासरी काढत.

जागा मात्र नापास होत गेल्या. झाडाच्या ढोलीत पिंगळा राहत होता. दगडाखाली विंचू होता, आणि तो काकांना आधी सापडला. खड्डा खणून पुरायला परवानगीच नाही. खाणीच्या काठावर मुलं पाय घसरून पडतील. बाकाखाली चुंबकाने चिकटवावी तर सकाळी तिथे हास्यक्लब आणि संध्याकाळी जोडपी. काकांना अडचण हास्यक्लबची होती. "जोडपी एकमेकांकडे बघतात. हे मोगल हसून झाले की इकडेतिकडे बघतात."

जागामालकाची परवानगी हवी, म्हणून ते एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले. 'विषय : टेकडीवर प्लास्टिकची एक (१) डबी लपवून ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.' समोरच्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, लपवायचीय तर परवानगी कशाला? आणि परवानगी घ्यायचीय तर लपवायची कशाला?" काका निरुत्तर होऊन परत आले. माझ्या माहितीत हे एकदाच घडलं आहे.

लोक डबी बेवारस वस्तू समजतील ही धास्ती होतीच. तेव्हा काकांनी झाकणावर सुवाच्य अक्षरात पट्टी चिकटवली : 'ही डबी बेवारस नाही. वारस हयात आहे. वाचून झाले असल्यास निघावे.'

मग चाचणी म्हणून एका कपारीत दोन दिवस डबी ठेवली. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने ती घरी आणून दिली. "काका, टेकडीवर विसरला होतात." दुसऱ्या चाचणीत पहारेकऱ्याने आणून दिली. तिसऱ्या वेळी त्या दोन काकूंनी, आणि वर "आतला कागद कोराच होता, म्हणून वाणसामानाची यादी लिहिली, चालेल ना?" असंही विचारलं. साऱ्या टेकडीला ठाऊक झालं होतं की डबी दिसली की ती काकांची. एवढ्या प्रामाणिक गावात काही लपवायचं म्हणजे कठीणच.

शेवटी टेकडीचा नाद सुटला. पायथ्याशी एका निवृत्त मास्तरांचा प्लॉट आहे. त्याच्या कडेला रस्त्यालगत जुना दगडी गडगा आहे. मास्तरांनी परवानगी साध्या कागदावर, तारीख घालून दिली. गडग्याच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड आहे, त्याच्या बाजूचा एक चिरा सैल होता. "हद्दीच्या दगडाला कोणी हात लावत नाही," काका म्हणाले. हयातभर लोकांनी रातोरात सरकवलेले दगड जागेवर आणण्यात ज्यांची नोकरी गेली, त्यांनी हे म्हणावं! मी बोललो नाही. डबी चिऱ्याआड गेली, तपासणाऱ्या स्वयंसेवकाने मंजुरी दिली आणि काकांनी स्वतःच्या हाताने तिचं काठिण्य ठरवलं, पाचपैकी दोन.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते गडग्यावर जाऊन बसू लागले. डबी सुरक्षित आहे ना, एवढंच बघायला. पेपर घेऊन, पाण्याची बाटली घेऊन, साडेसात ते दहा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय काका, आज इकडे?" "काही नाही," असं ते इतक्या घाईने म्हणायचे की माणूस दोन पावलं मागे येऊन गडगा निरखायचा.

अठराव्या दिवशी तो आला. पाठीवर सॅक, हातात फोन, नजर फोनवर. तरुण जर्मन होता, नोकरीनिमित्त इकडे आलेला. काकांनी त्याला चालीवरून ओळखलं. तो गडग्याच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला, परत मधे आला आणि काकांच्या गुडघ्यापासून दीड फुटावर थांबला. फोन त्याला सांगत होता, इथेच. काका पेपर वाचत होते. उलटा, असं नंतर मास्तरांनी सांगितलं.

अडचण अशी होती की तो सैल चिरा नेमका काकांच्या पोटऱ्यांमागे होता. उठावं तर ती खूण दिल्यासारखी, आणि खूण देणं नियमाला धरून नाही. बसून राहावं तर पोरगा चाचपणार कुठे? त्या मुलाच्या लेखी काका मोगल होते. तोही भला, मोगलासमोर डबी काढायची नाही हे पाळणारा. तो पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसला आणि हे म्हातारबाबा कधी उठतात याची वाट पाहू लागला. काकाही बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. मास्तरांनी दोघांना चहा पाठवला. पावणेबाराला त्या मुलाने मान हलवली, सॅक उचलली आणि काकांना हात जोडून निघून गेला.

'सापडली नाही' अशी त्याची नोंद दुपारी आली. काकांनी ती मला दोनदा वाचून दाखवली आणि संध्याकाळी डबीचं काठिण्य दोनावरून साडेचारावर नेलं.