वरीलपैकी सर्व

मुक्त विद्यापीठात शिरायला अट एवढीच होती: वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि लिहिता-वाचता यायला हवं. अठरा वर्षं मी दोनदा पूर्ण केली होती आणि वर सात उरली होती. लिहिणं म्हणाल तर वाण्याची यादी, आणि वाचणं म्हणाल तर त्याच वाण्याने ज्यात हिंग बांधून दिला तो कागद. म्हणजे सगळ्या बाजूंनी मी पात्र होते.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. माझं माहेर कर्जत तालुक्यात, सासर खालापूर तालुक्यात आणि संसार खोपोलीत. दहावी झाली आणि बारावीच्या आधी स्थळ आलं, एवढीच माझ्या शिक्षणाची शोकांतिका. त्यात खलनायक कुणी नाही. पुढे मी कारखान्यांत जाणाऱ्या लोकांना डबे पुरवू लागले, बचत गटात शिरले, आणि कर्जाचा प्रत्येक फॉर्म मला विचारू लागला: शिक्षण? त्या रकान्यात मी 'दहावी' हा शब्द इतका बारीक लिहायचे की एकदा बँकेतल्या साहेबांनी तो 'दवाखाना' असा वाचला आणि कुठल्या दवाखान्यात आहात म्हणून चौकशी केली.

शोध लावला तो मुलीने. बारावी न झालेल्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम होता. त्याची परीक्षा उत्तीर्ण झालं की थेट बी.ए.चं दार. 'पूर्वतयारी' हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं, कारण पूर्वतयारीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. रात्री वाल भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. ज्या बाईला डाळिंब्यांच्या उसळीची पूर्वतयारी दोन दिवस आधीपासून जमते, तिला बी.ए.ची सहा महिन्यांत का जमू नये?

विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. आमच्या चाळीत साधी पाताळगंगासुद्धा घरोघरी यायला पहाटेचे साडेचार वाजायचे, तेव्हा ज्ञानगंगेचीही वेळ मी तीच धरली. नळ आणि पुस्तक एकदम उघडायचं. पिंप भरेपर्यंत एक धडा. शेजारणीला वाटायचं, मी पहाटे पोथी वाचते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. पुण्य असं फुकट मिळत असेल तर कशाला नाही म्हणा.

पण त्याआधी फॉर्म. तो कॉम्प्युटरवर भरायचा होता. कॅफेतला पोरगा गिऱ्हाइकं सांभाळत होता, मुलगी फोटो स्कॅन करत होती, आणि मी स्वतःच्या हाताने माउस धरून बसले होते. जिल्हा निवडा: रायगड. सोपं. पुढे केंद्रांची यादी इंग्रजीत. त्यात मला माझ्या ओळखीचं गाव दिसलं: एम-ए-एच-ए-डी. महड! आमच्या खोपोलीपासून हाकेच्या अंतरावर, अष्टविनायकांतला वरदविनायक जिथे बसलाय ते महड. परीक्षेचं केंद्रच गणपतीच्या दारात म्हणजे आणखी काय हवं? मी मनोभावे नमस्कार केला आणि बटण दाबणार, एवढ्यात मुलगी मागून ओरडली, "आई, हे महड नाही, महाड आहे!"

महाड म्हणजे चवदार तळ्याचं, 1927 च्या सत्याग्रहाचं महाड. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यापासून शंभर किलोमीटरहून लांब. मराठीत दोघांत फक्त एका कान्याचा फरक, आणि इंग्रजीत तेवढाही नाही. तो एक काना मला दर रविवारी दोन एस.टी. बदलून भोवला असता. मग कर्जत निवडायचं ठरलं, तर मुलगी म्हणाली, "नीट बघ, कर्जतही दोन आहेत. एक आपलं, एक नगर जिल्ह्यातलं." त्या दिवसापासून मला खालापूरचा फार आदर वाटतो. ते एकच आहे.

संपर्कसत्रं रविवारी कर्जतला. खोपोली-कर्जत लोकल म्हणजे माझी अभ्यासिका. खोपोली, लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, कर्जत. प्रत्येक दोन स्टेशनांमध्ये एक प्रकरण. लौजीपर्यंत नागरिकशास्त्र, डोलवलीपर्यंत पंचायत राज. डोलवली आणि केळवली या जुळ्या बहिणींत माझा नेहमी घोटाळा व्हायचा आणि त्यामुळे ग्रामसभा आणि पंचायत समितीतही झाला. पावसाळ्यात तर गंमतच. मुंबईची पोरं झेनिथ धबधब्यात भिजायला लोकल भरभरून खोपोलीला उतरायची आणि मी त्याच लोकलने, त्यांनी ओल्या केलेल्या बाकड्यावर वर्तमानपत्र पसरून, ज्ञान मिळवायला उलटी निघायची.

आमच्या वर्गात एक रिक्षावाले होते, एक अंगणवाडीतल्या मदतनीस, सैन्यातून निवृत्त झालेले एक काका आणि शेजारच्या एका ग्रामपंचायतीच्या सरपंचबाई. त्या का शिकताहेत, असं कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "सही मी करते, वाचतात हे. आता सहीच्या वरचं मला वाचायचंय." समंत्रक, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या भाषेत मास्तर, आमच्या मुलांच्या वयाचे होते. ते आम्हाला 'विद्यार्थीमित्रहो' म्हणायचे आणि आम्ही त्यांना 'जेवलात का' म्हणायचो. पहिल्या सत्रात त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं की इंग्लंडात 1969 साली असं विद्यापीठ निघालं, आपल्या देशात 1982 साली हैदराबादला, आणि आपलं नाशिकचं 1989 साली. निवृत्त काका वहीत उतरवून घेत म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं लेट. सेंट्रल रेल्वेपेक्षा बरं."

अभ्यास कठीण नव्हता. कठीण होते ते पर्याय. प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यांतलं एकच बरोबर. आता मला सांगा, चाळीशी ओलांडलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर कसं वाटेल? सोळाव्या वर्षी सगळी उत्तरं एकेक असतात. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस चारही पर्याय वाचून मान डोलावतो आणि म्हणतो, असंही असतं.

उदाहरणार्थ, भात कोणत्या हंगामातलं पीक? खरीप, रब्बी, उन्हाळी, की यांपैकी नाही? पुस्तक म्हणतं खरीप. पण मी राजनाला कालव्याच्या काठची. भिवपुरीला टाटांच्या वीजघरात वीज करून झाली की ते पाणी राजनाल्याने आमच्या शेतांत यायचं आणि मार्च-एप्रिलात, बाकीचं कोकण करपत असताना, आमच्याकडे भात हिरवागार डोलायचा. वर कर्जतलाच भात संशोधन केंद्र. 'कर्जत-3' हे भाताच्या जातीचं नाव आहे, प्लॅटफॉर्मचं नव्हे, हे मी लग्न होऊन आल्यावर खोपोलीकरांना किती वेळा समजावलंय. मी सराव परीक्षेत खरीप आणि उन्हाळी, दोन्हींवर खूण केली. गुण शून्य. समंत्रक म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे, पण प्रश्न कर्जतला विचारलेला नाही."

विज्ञान मात्र मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. उंचावर साठवलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते, ते खाली कोसळताना तिची गतिज ऊर्जा होते. आमच्या खोपोलीत 1915 पासून लोणावळ्याचं पाणी नळांतून डोंगर उतरतंय आणि खाली वीज होतेय. हा धडा मी एका बैठकीत तोंडपाठ केला, अगदी उत्साहात, आणि शेवटच्या ओळीला दिवे गेले. दिव्याखाली अंधार कशाला म्हणतात, हा मराठीचा धडाही त्यातच झाला.

इंग्रजीने मात्र घात केला. स्वराने शब्द सुरू झाला की आधी 'ॲन', नाहीतर 'अ'. नियम पाठ. ॲन अंब्रेला, ॲन ॲपल. मी आत्मविश्वासाने लिहिलं, 'ॲन युनिव्हर्सिटी'. चूक! म्हणे तिथे उच्चार 'यु' आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. ज्या संस्थेत मला शिरायचं होतं, तिच्या नावाच्या उंबऱ्यावरच मी ठेचकाळले.

गणिताचा अभ्यास सासूबाईंसमोर बसून व्हायचा, कारण त्या वेळी त्या आणि मी दोघी लसूण सोलत असायचो. रेल्वेची गणितं मीच बिघडवायचे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी 240 किलोमीटर किती वेळात कापेल? कर्जतची मुलगी आधी हेच विचारणार की मधे कर्जत आहे का. असेल तर गाडी थांबेल, मागे बँकर इंजिनं लागतील, तोवर अर्धी गाडी वडापावला उतरेल. बोरघाटाचा चढ सदतिसास एक. सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. 1863 सालापासून गाड्या या घाटाने जाताहेत. गुणोत्तर हे प्रकरण मला त्या एका आकड्याने कळलं. माझं शिक्षणही त्याच चढाने चाललं होतं. ढकलायला मागे मुलगी होती. आमचे हे मात्र इंजिनांत मोडत नव्हते. ते गार्डाचा डबा. शेवटी बसून अधूनमधून हिरवा बावटा दाखवायचे आणि चहा मागायचे.

पण काळ-काम-वेगाच्या गणितात माझं काही चाललं नाही. पुस्तकात होतं, 8 मजूर एक काम 6 दिवसांत करतात, तर 12 मजूर किती दिवसांत करतील? सासूबाईंना समजावं म्हणून मी कामाच्या जागी आवणी, म्हणजे भाताची लावणी, घातली. त्यांनी लसणाची पाकळी तशीच हातात धरली.

"बारा माणसं? आवणीला? कुठून आणलीत?"

"आणली कुठून तरी, आई. पुस्तकात आहे."

"मुकादम कोण?"

"मुकादम नाही दिलेला."

"मग झालंच. दोघी चहा करतील, दोघं तंबाखू मळतील, एकाची बायको आजारी पडेल. पाऊस किती होता?"

"पाऊसही नाही दिलेला."

"पाऊस नाय, मुकादम नाय आणि आवणी लावलीय!" त्यांनी मनात हिशेब केला. सत्तर पावसाळे चिखलात काढलेल्या बाईचा हिशेब. "नऊ दिवस."

"उत्तर चार आहे, आई. माणसं वाढली की दिवस कमी होतात."

"माणसं वाढली की जेवणं वाढतात," त्या म्हणाल्या. "तू डबेवाली. तुला तरी कळायला पाहिजे."

इतिहासात पण त्या माझ्यापुढे. उंबरखिंडीची लढाई त्या अशा सांगायच्या की जणू कारतलबखान त्यांच्याच बांधावरून गेला. चावणी गावाजवळची ती खिंड आमच्याच तालुक्यात. 2 फेब्रुवारी 1661 ला महाराजांनी खानाला तिथे कोंडलं. खानाबरोबर रायबागन नावाची बाई होती, तिनेच त्याला शरण जा म्हणून सांगितलं. "बाईचं आधी ऐकलं असतं तर खिंडीत शिरलाच नसता," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. ते पुस्तकात नाही, पण असायला हरकत नव्हती. फक्त जिल्ह्याचं नाव त्यांना पटवता आलं नाही. 1981 साली कुलाब्याचा रायगड झाला, हे त्यांच्यापर्यंत सरकारने अधिकृतपणे कळवलेलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी साडेतीनला उठून अठ्ठावीस डबे केले, मग लोकल धरली. वर्गात लहान मुलांचे बाक. निवृत्त काकांचे गुडघे आत जाईनात, म्हणून ते आडवे बसले, पहाऱ्यावर बसल्यासारखे. उत्तरपत्रिकेवर योग्य पर्यायाचा गोल काळा करायचा होता. मी एकेक गोल इतका निगुतीने भरत होते की पर्यवेक्षक बाई वाकून म्हणाल्या, "ताई, रांगोळी नाही, वेळ संपतोय." सरपंचबाई प्रत्येक गोल भरण्याआधी प्रश्न दोनदा वाचत होत्या. सहीच्या वरचं वाचायची सवय लावून घेत असाव्यात.

आणि मग तो आला. काही मजूर, काही दिवस, आकडेसुद्धा तेच. पर्याय: 4, 6, 8, 9.

नऊ! चौथ्या क्रमांकावर, सासूबाईंचा नऊ. पेन हवेत थांबलं. डोळ्यांसमोर चिखल आला, चहाची किटली आली, तंबाखू मळणारे ते दोघं आले. खरं उत्तर मला माहीत होतं. बरोबर उत्तरही माहीत होतं. मी मान खाली घालून पहिला गोल काळा केला.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी पेपर दाखवला, तो प्रश्न वाचून दाखवला.

"काय लिहिलंस?"

"चार."

"नऊ होता का त्यात?"

"होता."

त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला आणि दोन दिवस परीक्षेचं नाव काढलं नाही. निकाल लागला, मी पास झाले, यांनी पेढे आणले. पहिला पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला तर त्या म्हणाल्या, "तपासणारा पण त्यांचाच असेल."