गुरुजी होण्याची विहित कार्यपद्धती

खानदेशात महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा शिक्षक करण्याची प्रक्रिया प्रवेश, प्रशिक्षण, पात्रता, अभियोग्यता, प्रतीक्षा आणि सेवा अशा सहा टप्प्यांत पार पडते. यांपैकी प्रतीक्षा अभ्यासक्रमात नाही, पण सर्वांत जास्त वर्षे तीच घेते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बी.एड.ची पदवी देणारे विद्यापीठ १९९० साली जळगावला स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आसोद्याच्या लेकीच्या नावाने शिक्षकाची पदवी मिळते, यात विसंगती शोधू नये. पदवीवाचून शहाणपण येते, एवढे विद्यापीठाने नाव घेऊन मान्य केले आहे. पदवी घेऊन ते येते का, हे तपासण्याचे काम इतर यंत्रणांकडे आहे.

बी.एड.च्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. शंभर गुणांच्या या परीक्षेत बुद्धिमापनाला ४०, सामान्य ज्ञानाला ३० आणि शिक्षक अभियोग्यतेला ३० गुण. अभियोग्यतेचे प्रश्न साधारण एका धाटणीचे असतात: वर्गात एक मुलगा सतत बडबड करतो, तर तुम्ही काय कराल? (अ) त्याला बाहेर उभे कराल, (ब) पालकांना बोलवाल, (क) प्रेमाने कारण जाणून घ्याल, (ड) दुर्लक्ष कराल. उमेदवार स्वतः आयुष्यभर (अ) भोगून आलेला असतो आणि (क)वर खूण करतो. इथेच त्याच्यात शिक्षकी पेशाला लागणारी व्यवहारदृष्टी असल्याचे सिद्ध होते.

बारावीनंतर लगेच शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी डी.एड.चा मार्ग होता आणि कागदोपत्री अजूनही आहे. एके काळी या पदविकेला एवढी मागणी आली की महाविद्यालये पावसाळ्यात टाकळा उगवावा तशी उगवली. राज्यातल्या अशाच २९१ महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ साली त्याचा अहवाल आला. शिक्षक घडवणाऱ्या संस्थांची अवस्था चिंताजनक असल्याचे त्यात नमूद होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राज्य सरकारने शिक्षकभरती थांबवली. संस्था सुधारण्यापेक्षा नोकऱ्या बंद करणे सोपे असल्याने हा उपाय अधिक काळ टिकला.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे आहे. नियमानुसार वर्षाला २०० दिवस कामकाज, ८० टक्के हजेरी आणि शालेय अनुभवासाठी ९० टक्के हजेरी लागते. या नियमाला ‘नॉन-अटेंडिंग’ नावाचे एक उपकलम जोडलेले आहे. ते छापील नियमावलीत सापडत नाही, पण प्रवेशाच्या वेळी पहिली चौकशी त्याचीच होते.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे सूक्ष्म अध्यापन. यात फळ्यावर लिहिणे, प्रश्न विचारणे, शाबासकी देणे अशी कौशल्ये सुटी सुटी करून घटवली जातात. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे चुका ऐकायच्या, बारा मिनिटांत नवे टाचण करायचे, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि सहा मिनिटे पुन्हा ऐकायचे, असे ३६ मिनिटांचे हे आवर्तन आहे. समोर मुले नसतात. मुलांच्या जागी सहाध्यायीच बसतात, आणि पंचविशीतल्या विवाहित छात्राध्यापिका बाष्पीभवन म्हणजे काय ते ठाऊक नसल्याचा अभिनय करतात. या अभिनयाला गुण नाहीत, ही अभ्यासक्रमातील एक उणीव होय.

त्यानंतर खऱ्या वर्गात सराव पाठ. टाचणात पूर्वज्ञान, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, गृहपाठ असे रकाने असतात, आणि विद्यार्थ्यांनी द्यायची अपेक्षित उत्तरेही छात्राध्यापकच आदल्या रात्री लिहून ठेवतो. धुळे तालुक्यातल्या एखाद्या शाळेत आठवीचा वर्ग, मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापक, टेबलावर रंगीत तक्ता आणि नवी छडी, ही मारायची नव्हे, तक्त्यावर दाखवायची. प्रस्तावना संपताच तिसऱ्या बाकावरून आवाज येतो, “सर, हाऊ पाठ ते काल व्हई गया.” टाचणात हे उत्तर नसते. पाठ खरेच कालच्या सरांनी घेतलेला असतो, परवाच्या मॅडमनीही घेतलेला असतो. छात्राध्यापक “छान!” म्हणून प्रबलन देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. निरीक्षक वहीत ‘प्रबलन: उत्तम’ असे नोंदवतात. मूल अहिराणीत बोलले, याची नोंद करायला रकाना नसतो.

शालेय अनुभवाच्या २० आठवड्यांत वेगळाच प्रकार घडतो. शाळेचे नियमित शिक्षक मतदारयादीच्या किंवा प्रशिक्षणाच्या कामाला गेले की मुख्याध्यापक छात्राध्यापकाला म्हणतात, “सहावी ब सांभाळा.” तिथे निरीक्षक नसतो, तक्ता नसतो, टाचण नसते, समोर पन्नास मुले आणि हातात एक खडू. मूल्यमापनाबाहेर राहिलेल्या या तासांना काही ठिकाणी शिकवणे घडून जाते. त्याबद्दल कोणावरही कारवाई होत नाही.

पदवीनंतर पात्रता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक ठरली. राज्यात ती २०१३ पासून होते: दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. या परीक्षेच्या पावित्र्याचा पुरावा म्हणून तिच्यातला गैरव्यवहारही दाखवता येतो, कारण ज्याला किंमत नाही त्याचा काळाबाजार होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी हे प्रकरण उघडकीस आणले आणि पुढे २०१९च्या परीक्षेतील ७,८८० उमेदवारांवर बंदी आली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही असे सांगितले, तर १ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. परिणामी शालेय अनुभवात मार्गदर्शन करणारे गुरुजी आणि त्यांचा छात्राध्यापक एकाच परीक्षाकेंद्रात मागे-पुढे बसू शकतात. गुरु-शिष्य परंपरेला इतका समान दर्जा पूर्वी कधी मिळाला नव्हता.

टीईटीने पात्र ठरलेला उमेदवार योग्य आहे का, हे ठरवण्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे. दोन तासांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. प्रशिक्षणात एका कौशल्याला ३६ मिनिटे दिली जातात. भरतीच्या वेळी मिनिटांचे सेकंद होतात, आकडा मात्र शासनाने कायम ठेवला आहे. ही चाचणी २०१७ साली झाली, मग २०२३ साली आणि त्यानंतर २०२५ साली. मधल्या वर्षांत जळगावचा उमेदवार महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याच्या अभ्यासिकेत जातो, धुळ्याचा एसटीने. जे जात नाहीत ते तासिका तत्त्वावर शिकवतात, शिकवण्या घेतात, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात असतात आणि पाहुण्यांना “पवित्र पोर्टलवर आहे” असे सांगतात. लग्नाच्या बाजारात हे उत्तर आता नोकरी म्हणून धरले जात नाही.

शिक्षकभरतीच्या या पवित्र पोर्टलवर दोन वाटा आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांची निवड मुलाखतीशिवाय, गुणांवरून होते. उमेदवाराला तोंड उघडावे लागत नाही. खाजगी संस्थांसाठी एका जागेमागे तीन उमेदवार पाठवले जातात आणि मुलाखत व अध्यापन कौशल्य यांना ३० गुण असतात. म्हणजे शिकवून दाखवण्याची सोय अखेर जिथे आहे, तिथेच संस्थेच्या विकासाला उमेदवार किती हातभार लावणार, ही चर्चा गावात सर्वांत जास्त रंगते. शाळा अनुदानित असेल तर आकडा मोठा, विनाअनुदानित असेल तर आशा मोठी. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द शासनाने २००९ साली काढला. पगार मात्र त्यानंतर २० टक्क्यांच्या हप्त्यांनी येऊ लागला.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. त्यामुळे खिचडीचा हिशेब, आधार जुळवणी, यू-डायसची माहिती, अपार क्रमांक आणि वृक्षारोपणाची छायाचित्रे ही कामे शैक्षणिक समजून करून घेतली जातात.

ऐतिहासिक नोंद म्हणून सांगायचे, तर याच खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातली मुले सांभाळून ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिकही काढत. त्या काळी टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पोर्टल नव्हते, त्यामुळे त्यांची निवड कशाच्या आधारे झाली असेल, हे आजच्या यंत्रणेला समजावणे अवघड आहे.

पुढील दिशा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने आखली आहे. २०३०पर्यंत शिक्षकाची किमान अर्हता चार वर्षांची एकात्मिक पदवी असावी, असे ते म्हणते. तर शिक्षक प्रशिक्षणाच्या २०२५च्या नियमांच्या मसुद्यात एक वर्षाचे बी.एड. परत येऊ पाहते आहे. अभ्यासक्रम एका वर्षाचा असावा, दोन की चार, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. सरकारी शाळेची नोकरी देण्यापूर्वी उमेदवाराला एकदा पोरांपुढे उभे करून पाहावे का, यावर मतभेद नाहीत; तो प्रश्न अद्याप कोणत्याच पर्यायात आलेला नाही.